इशारा नाही

"एक नाव सांगा," दळवी वकील म्हणाले. "जास्त नको. तुमचा तो फळा रोज वाचणाऱ्या एका माणसाचं नाव."

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. कठड्याला कुणीतरी अस्तर न मारताच ऑइलपेंट फासला होता आणि त्याचे पापुद्रे माझ्या बोटांना लागत होते. जन्म रंगकामात गेला की असल्या वेळी असलंच काहीतरी दिसतं.

"सगळं गाव वाचायचं," मी म्हणालो.

"गाव साक्षीला येत नाही, इंगवले. नाव सांगा."

नाना शेट्यांचं नाव जिभेवर होतं. चौकातलं मेडिकल त्यांचं, माझ्या दुकानाला लागूनच. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी माझा फळा मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. पण आदल्याच रविवारी त्यांनी मला दुकानाच्या मागं नेऊन हात जोडले होते. "पेंटर, माझं नाव तेवढं घेऊ नका. औषधाचा परवाना आहे, रोज सरकारी माणसांशी गाठ. आणि खरं सांगायचं तर सकाळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नसतो." चष्म्याशिवाय मोठ्यानं वाचणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पण हात जोडलेत म्हटल्यावर काय बोलणार? कपाळ माझं.

"माझी बायको वाचायची," मी म्हणालो.

"त्या कुठं आहेत?"

"वारली."

दळवींनी मान खाली घातली. विरुद्ध बाजूचे वकील, पण माणूस तसा सभ्य. "क्षमा असावी," म्हणाले आणि न्यायाधीशांकडं वळले. "म्हणजे हयात असं कोणी नाही. माझे प्रश्न संपले, साहेब."

मागं बाकावर कुणीतरी फसकन हसलं. पाण्याचा ग्लास ठेवला होता, तो घ्यायचंही मला सुचलं नाही.

आता हे कोर्टाचं झेंगट काय, ते सांगायला हवं. मी धामणसरचा इंगवले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा, लग्नाच्या मांडवाचे बोर्ड हा माझा धंदा. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण चौकातला माझा फळा कुणाला बसवता आला नाही. सहा फूट बाय चार, काळा, सागाच्या चौकटीतला. रोज सकाळी सहाला कालचा मजकूर ओल्या फडक्यानं पुसायचा आणि आजचा लिहायचा, एकोणीस वर्षं हा नेम होता. पाणी किती वाजता येणार, कुणाची म्हैस हरवली, दहावीत कोण पहिला आला. आणि मनात येईल तेव्हा पालिकेच्या कानपिचक्या. फडकं माझी बायको इंदू जुन्या लुगड्याचं करून द्यायची.

माझ्याच हातची एक चूक होती, तिच्यापासून हे सगळं सुरू झालं. पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर एक चौकट असते, 'टाकी धुतल्याचा दिनांक' अशी. दर सहा महिन्यांनी शिडी लावून वर चढायचं, जुनी तारीख पांढऱ्यानं झाकायची आणि नवी घालायची. हे काम माझ्याकडं होतं. चिठ्ठी यायची, तारीख यायची, मी रंगवायचो. टाकी धुतली की नाही हे बघणं रंगाऱ्याचं काम नव्हे, असं मी स्वतःला सांगत आलो. चौथ्या वेळी वारा सुटला म्हणून तोल सावरायला मी झाकणाला धरलं आणि झाकण सरकलं. आत पाहिलं. तळाला वीतभर गाळ होता, आणि कबुतर होतं. ते केव्हाचं होतं कोण जाणे.

तरीही मी तारीख घालूनच खाली उतरलो. हात सवयीनं चालले. घरी येऊन इंदूला सांगितलं, तर ती तांब्यातलं पाणी बघत बसली. मग म्हणाली, "आपणही हेच प्यायलो की हो."

दुसऱ्या दिवशी, तेरा मार्चला, मी फळ्यावर लिहिलं: 'पालिकेच्या टाकीवर धुतल्याची तारीख मी रंगवली. चार वेळा रंगवली. टाकी एकदाही कुणी धुतलेली नाही. याला मीही जबाबदार आहे. इंगवले पेंटर.'

त्या दिवशी चौकात जत्रा भरली. माणसं वाचून पुढं जायची आणि दुसऱ्याला घेऊन परत यायची. नाना शेट्यांनी तर दोनदा वाचून दाखवलं, चष्म्याशिवाय.

आणि पंधरा मार्चला सकाळी दोन पोलीस दारात आले. मुख्याधिकारी बेंद्रे साहेबांनी फिर्याद दिली होती की चौदा तारखेला अकरा वाजता मी पालिकेत घुसलो, कारकुनाची गचांडी धरली आणि कागद फाडले. सरकारी कामात अडथळा, कलम तीनशे त्रेपन्न. चौदा तारखेला अकरा वाजता मी कुठं होतो? अठरा किलोमीटरवर एका शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढत होतो. हे पोलीस निरीक्षक सावळकरांना मी सांगितलं. ते म्हणाले, "कोर्टात सांगा." म्हणून सहा वर्षं कोर्टातच सांगत बसलो.

सहाव्या वर्षी सुटलो. त्या कारकुनानं मला ओळखायला नकार दिला, म्हणून कोर्टानं मला संशयाचा फायदा दिला. या दोन शब्दांनी माझी पार वाट लावली. गावात कुणी 'निर्दोष' म्हणेना, सगळे 'सुटला' म्हणायचे. आणि माझ्या फळ्यापुढं उभं राहायला लोक कचरायला लागले ते लागलेच. चालता चालता तिरक्या डोळ्यानं बघायचे आणि पुढं जायचे. इंदू होती तोवर मला त्याचं एवढं वाटत नव्हतं. पण ती खटला संपायच्या आधीच, तिसऱ्या वर्षी, एका रात्रीच्या तापाचं निमित्त होऊन गेली. निर्दोष हा शब्द तिला ऐकायचा होता.

म्हणून मी उलट दावा लावला. बेंद्रे आणि सावळकर, दोघांच्या नावानिशी. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, सुटलात ना? मग आता सरकारी माणसांशी कशाला वाकड्यात जाता?" मी म्हणालो, "तुझी आई असती तर तिनं हे विचारलं नसतं." त्यानंतर त्याचे फोन सणावारापुरते झाले.

माझ्या वकील सरनाईकबाई. बारीक अंगाच्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. "इंगवले, तुम्ही फळ्यावर लिहिलंत तो तुमचा हक्क. घटनेनं दिलेला. पण त्यांनी खोटी फिर्याद केली एवढं दाखवून भागायचं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणूनच केली, हे दाखवावं लागेल. ते म्हणणार, कसला फळा? आम्ही बघतही नव्हतो."

आणि तसंच झालं. बेंद्रे साहेबांनी शपथेवर लिहून दिलं की असल्या फळ्याकडं लक्ष द्यायला आपल्याला वेळ नसतो, तेरा मार्चला त्यावर काय होतं हे आपल्याला ठाऊकच नाही. माझ्याकडं तरी काय पुरावा होता? रोज सकाळी मीच तो पुसत होतो, आणि याचा मला अभिमान होता. कालचं आज ठेवायचं नाही असं मी ऐटीत सांगायचो. आता घ्या ऐट.

त्या दिवशी पिंजऱ्यातून उतरून मी सरनाईकबाईंच्या मागोमाग त्यांच्या टेबलाशी आलो. कोर्टाच्या व्हरांड्यातच त्यांचं टेबल.

"पंधरा माणसांना विचारलं," मी म्हणालो. "पंधराही जण म्हणतात वाचलं नाही. अहो, रोज माझ्या चुका काढायचे ते. आता एकालाही वाचल्याचं आठवत नाही."

"कुणी कधी उतरवून घेतलं असेल? एखाद्या पोरीनं वहीत वगैरे?"

मला हसू आलं. "उतरवून घेणारा एकच होता, बाई. खोपडे हवालदार. गोपनीय शाखेचा. रोज सकाळी सायकल लावून उभा. आधी नुसता यायचा, मी पालिकेवर लिहायला लागलो तसा वही घेऊन यायला लागला. कानामागं पेन्सिल. इतका राग यायचा मला त्याचा. मला पकडायला आला तोही तोच."

बाईंचं लिहिणं थांबलं. "किती वर्षं?"

"रिटायर होईस्तोवर. अकरा वर्षं असतील."

"इंगवले," बाई म्हणाल्या, "आत्ताच आत तुम्हाला एक नाव विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी खोपड्यांच्या घरी गेलो. गावाबाहेर दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. एकटाच माणूस, बायको कधीच गेलेली, मुलगी बार्शीला दिलेली. अंगणात बसून ते बाजेला नवी पट्टी विणत होते. मला बघून उठले नाहीत.

"या पेंटर. बाजेवर बसू नका, अजून अर्धीच झालीय."

मी उंबऱ्यावर टेकलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"तुम्ही माझा फळा उतरवून घ्यायचा."

"ड्युटी होती. आधी कच्च्या वहीत उतरवायचा, मग ठाण्यात जाऊन रजिस्टरला पक्का. रजिस्टर आता नाही. मुदत संपली की जाळतात."

"आणि कच्ची वही?"

"ती माझी. पदरच्या पैशानं आणलेली. सात वह्या झाल्या." त्यांनी पट्टी ताणून गाठ मारली. "तुम्ही माझ्यावर लिहिलं होतं, तेही आहे. 'खोपडे हवालदारांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रागात लिहिलं होतं."

"तपासला मी. वाढलाच होता."

चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. हा माणूस थट्टा करतोय की खरंच सांगतोय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"माझ्या बाजूनं साक्षीला याल का?" मी एकदाचं विचारून टाकलं.

"बाजूबिजू नाही. समन्स आलं तर येईन. शपथ घेतली की विचारतील ते सांगीन."

"वही बघू तरी."

"ते नाही."

"अहो, माझंच लिहिलेलं आहे ते."

"म्हणून तर. आज तुम्हाला दाखवली, तर उद्या दळवी म्हणतील की दोघांनी बसून लिहिली. वही कोर्टातच उघडेल." ते परत बाजेकडं वळले. "चहा मी करत नाही. पाणी हवं तर माठात आहे."

मी पाणी प्यायलो आणि निघालो. सायकलवर सबंध वाटभर मनात खदखदत होतं. इतकी वर्षं मला ज्यानं खुनशी डोळ्यांनी पाहिलं, निदान मला तसं वाटलं, त्याच्या वहीवर माझं नाव तरणार की बुडणार हे ठरायचं होतं. आणि आत काय लिहिलंय याचा पत्ता नाही. बाई म्हणाल्या, "अशी वही न बघता साक्षीदार उभा करायचा म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा. पण दुसरा रस्ताच नाही आपल्याला."

पुढच्या तारखेला खोपडे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बेंद्रे आणि सावळकर दोघंही आले होते. सावळकर तोवर मोठ्या हुद्द्यावर गेले होते. खोपड्यांनी त्यांना बघून सवयीनं टाचा जुळवल्या. हा आता त्यांच्याच बाजूनं बोलणार, असं मला वाटलं.

दळवींनी आधीच हरकत घेतली. पोलीस खात्याचे कागद असे बाहेर आणता येत नाहीत म्हणाले. न्यायाधीशांनी खोपड्यांना विचारलं, "वही कुणाची?"

"माझी साहेब. दुकानातून आणलेली. खात्याचं रजिस्टर वेगळं होतं."

न्यायाधीशांनी हरकत नोंदवून घेतली आणि पुढं चला म्हणाले.

"तेरा मार्चची नोंद वाचा," सरनाईकबाई म्हणाल्या.

खोपड्यांनी पिशवीतल्या सात वह्यांमधली एक काढली, चष्मा लावला आणि पंचनामा वाचावा तशा एका सुरात वाचायला लागले. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मजकूर. पालिकेच्या टाकीवर धुतल्याची तारीख मी रंगवली. चार वेळा रंगवली." माझा शब्द न् शब्द होता. मी पुसलेला, फडक्यातून पिळून गटारात गेलेला मजकूर त्या माणसाच्या तोंडून कोर्टात परत आला. "याला मीही जबाबदार आहे. इंगवले पेंटर."

"खाली शेरा आहे?"

"आहे. शेरा, आक्षेपार्ह. मजकूर निरीक्षक साहेबांना वाचून दाखवला. साहेबांनी मुख्याधिकारी साहेबांशी फोनवर बोलणं केलं. मला तोंडी सूचना दिली. उद्या पालिकेतून फिर्याद येईल, पेंटरवर तीनशे त्रेपन्न घ्यायचं आहे, परवा सकाळी उचलायला दोन माणसं तयार ठेव."

"ही नोंद तुम्ही कोणत्या दिवशी केलीत?"

"तेरा मार्च. दुपारी साडेबारा."

"आणि इंगवल्यांनी पालिकेत जाऊन दंगा केला असं फिर्यादीत आहे, ते कोणत्या दिवशी?"

"चौदा मार्च. अकरा वाजता."

"म्हणजे गुन्हा घडायच्या आदल्या दिवशी कलम ठरलं होतं?"

"मला सूचना तेरा तारखेला मिळाली. तेवढंच मी सांगू शकतो."

सावळकर त्यांच्याकडं एकटक बघत होते. खोपड्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

दळवी उलटतपासणीला उठले. माणूस हुशार. आधी त्यांनी विचारलं की बढती मिळाली नाही म्हणून राग धरलाय का. खोपडे म्हणाले, "बढतीच्या परीक्षेला मी बसलोच नाही." मग विचारलं की पेंटरनं काय दिलं. "पेंटरनी काही दिलं नाही. उलट माझ्या घरचं पाणी प्यायले." कोर्टात थोडं हसू पिकलं. दळवींनी पिशवीतल्या सगळ्या वह्या मागून घेतल्या आणि उभ्यानंच पानं चाळायला लागले. चाळता चाळता एकदम थांबले. पुन्हा मागं गेले, पुढं आले. त्यांचा चेहरा खुलला.

"हे काय आहे, हवालदार? इथं रोजच्या मजकुराखाली एक ओळ आहे. 'समोरून इशारा झाला.' सोमवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी आहे. प्रत्येक पानावर आहे. साहेब, कृपया नोंद घ्यावी. वादी म्हणतात, मी एकटा माणूस, मनात येईल ते लिहितो. आणि इथं त्यांना रोज समोरून कुणीतरी इशारा करतंय. कोण होतं ते? किती माणसांची टोळी होती?"

मला काहीच कळेना. कसला इशारा? मी सरनाईकबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"टोळी नव्हती साहेब," खोपडे म्हणाले. "मलाही पहिल्यांदा तसाच संशय आला. आठ दिवस पाळत ठेवली. एक बाई रोज रस्त्यापलीकडं दूध केंद्राच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या. सगळा फळा वाचायच्या आणि मग हात वर करायच्या. पेंटरच्या मिसेस होत्या त्या. रस्त्यापलीकडून अक्षर दिसतंय, एवढंच सांगायच्या. पण एकदा इशारा म्हणून लिहिलं होतं, म्हणून पुढंही तेच लिहीत गेलो."

मी बाकाची कड धरली. इंदू. हो, करायची की. लिहून झालं की मी वळायचो आणि ती हात वर करायची. मग ती दूध घेऊन घरी आणि मी चहाला. ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे? मी ती कुणाला कधी सांगितलीच नव्हती.

इथं दळवींनी खाली बसायला हवं होतं. पण वकिलाच्या हातात वह्या होत्या आणि पानं पुढं पुढं जात होती.

"ठीक. मग पुढं नऊ ऑगस्टपासून रोज उलटंच लिहिलंय. 'इशारा नाही.' 'इशारा नाही.' हे का?"

"त्या तारखेपासून इशारा झाला नाही."

"कारण?"

"आदल्या दिवशी पहाटे बाई वारल्या. त्या दिवशी फळा लिहिलाच गेला नाही."

त्या नऊ ऑगस्टला मी फळ्यावर लिहिलं होतं, 'आज पाणी सहा ते साडेसात.' तिला आदल्या दिवशी दुपारी पोचवून आलो होतो. सकाळी हातांना काय काम द्यावं तेच कळेना म्हणून लिहिलं. लोक म्हणाले, दगडाचं काळीज आहे पेंटरचं.

"अहो, पण मग तीन वर्षं?" दळवी म्हणाले. आता ते जरा चिडले होते. "तुम्ही रिटायर होईपर्यंत रोज लिहिलंय हे. बाई गेल्या हे तुम्हाला ठाऊक होतं. नसलेल्या गोष्टीची रोज नोंद कशासाठी?"

खोपड्यांनी चष्मा काढला.

"पेंटर लिहून झाल्यावर रोज मागं वळून पायरीकडं बघायचे," ते म्हणाले. "ते बघायचे थांबले असते, तर मीही लिहायचा थांबलो असतो."

मी बघत होतो? रोज? तीन वर्षं? देवाशपथ सांगतो, मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं मी सावरलोय. मला वाटत होतं माझ्याकडं कुणाचंच लक्ष नाही, आणि त्याचीच मला सवय झालीय. आणि इथं एक माणूस, ज्याचा मी उभा जन्म राग केला, रोज सकाळी सायकल धरून माझी मान वळताना बघत होता आणि वहीत लिहीत होता. मी भर कोर्टात रडलो. साठीच्या घरातला माणूस, पण रडलो. न्यायाधीशांनी दहा मिनिटं कामकाज थांबवलं.

साक्ष संपल्यावर खोपडे बाहेर पिंपळाखाली सायकलचं कुलूप काढत होते. मी त्यांच्यापाशी गेलो.

"माझ्याशी एकदा तरी बोलायचं होतं हो तुम्ही," मी म्हणालो. "इतकी वर्षं समोर उभे होता. एकदा चहाला या म्हणाला असता तरी."

"मी पाळतीवर होतो, पेंटर. पाळतीवरच्या माणसानं बोलायचं नसतं."

"आणि रिटायर झाल्यावर?"

त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. "तेव्हा मग काय बोलायचं ते सुचेना. रोज सकाळी जाग मात्र त्याच वेळेला यायची." सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "तुमच्या मिसेसना एकदा पायरीवर पाय घसरताना मी सावरलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, यांना सांगू नका, उगाच काळजी करतील. नाही सांगितलं." आणि गेले.

निकाल चार महिन्यांनी लागला. दोघांनी मिळून मला भरपाई द्यावी असा हुकूम झाला. त्यांनी वर अपील केलं, ते अजून तिथंच पडून आहे, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला हवं होतं ते निकालाच्या एकतिसाव्या पानावर होतं. सरनाईकबाईंनी खाली रेघ मारून दिलं होतं. नाना शेटे पेढे घेऊन आले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," म्हणाले. मी पेढा घेतला. आता शेजाऱ्याशी किती दिवस धरून ठेवायचं?

खोपड्यांना सांगायला म्हणून गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, साक्ष झाल्यावर महिन्याभरात पेन्शनची कसलीशी चौकशी लागली, मग मुलगी येऊन त्यांना बार्शीला घेऊन गेली. मी तीन पत्रं टाकली. तिसऱ्याचं उत्तर मुलीनं लिहिलं. बाबा माघात गेले. सातव्या वहीत शेवटी चार पानं कोरी होती, ती त्यांनी ठेवायला सांगितली होती, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला. एकतिसाव्या पानावरचं वाक्य तोवर मी फळ्यावर घातलं नव्हतं. का कोण जाणे, हात होत नव्हता. त्या दिवशी घातलं, चांगल्या जाड अक्षरात: 'वादीवर फिर्याद झाली ती त्याने काही गैर केले म्हणून नव्हे, तर त्याने खरे लिहिले म्हणून. इंगवले निर्दोष आहेत.'

लिहून झालं आणि मी वळलो. या वेळी वळलो ते मला कळलं. दूध केंद्राची पायरी रिकामी होती आणि सायकलही कुठं नव्हती.

मग मी खडू खिशात टाकला आणि रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत मी माझा फळा तिथून कधी बघितला नव्हता. पायरीवर उभा राहिलो, तर विजेचा खांब मध्ये येत होता. शेवटचा शब्दच दिसेना. म्हणजे ती रोज एक पायरी खाली उतरून वाचत असणार, आणि मला एका शब्दानं कधी बोलली नाही.

मी एक पायरी खाली उतरलो. मग सगळं दिसलं. मी हात वर केला.

पलीकडून शटर उघडता उघडता नाना शेट्यांनी विचारलं, "कुणाला हात करताय, पेंटर?"

"कुणाला नाही," मी म्हणालो. "अक्षर दिसतंय."